कालवडींचं कृत्रिम रेतन: माज कळत नाही, गन जात नाही, कालवड उलटते… वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फलटण, माण, माळशिरस या पट्ट्यात गोठ्यावर जाऊन रेतनाचं काम करतो, 18 वर्षं झाली. रोज फोन येतात आणि कालवडीचे (अजून एकदाही न व्यालेल्या तरुण गायीचे) फोन वेगळेच असतात, कारण त्या घरानं दीड-दोन वर्षं तिला दूध पाजून, चारा घालून वाढवलेलं असतं आणि अजून तिच्याकडून एक लिटरही मिळालेलं नसतं. तेच तेच प्रश्न येतात म्हणून इथं एकत्र लिहिलेत.

आधीच एक सांगतो. कालवड हे गोठ्यातलं सगळ्यात सहज गाभ धरणारं जनावर आहे. तिच्यावर दुधाचा ताण नसतो, आधी वार अडकलेली नसते, गर्भाशय सुजलेलं नसतं. त्यामुळं कालवड उलटली (रेतन करूनही गाभण न राहता परत माजावर आली) की मी आधी वेळ, वजन आणि कांडी (वळूचं गोठवलेलं वीर्य, म्हणजे सिमेन, भरलेली बारीक नळी) बघतो, कालवडीत दोष शोधायचं काम त्यानंतर. औषधांचे डोस मुद्दाम दिलेले नाहीत, ते डॉक्टरांनी जनावर बघून ठरवायचे.

1. कालवड किती महिन्यांची झाली की भरवायची (रेतन करायचं)?

महिने मोजू नका, वजन बघा. त्या जातीच्या पूर्ण वाढलेल्या गायीच्या 60 ते 65 टक्के वजन झालं की भरवायची. एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) संकरित असेल तर साधारण 250 ते 275 किलो, जर्सी संकरित 200 ते 225 च्या आसपास. नीट सांभाळलेली संकरित कालवड 15 ते 18 महिन्यांत तिथं पोचते. खिलार किंवा गीर असेल तर अडीच-तीन वर्षं लागतात, त्यात तिची काही चूक नाही.

काटा नसला तरी शिंप्याचा टेप असतो. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर इंचात घ्या, मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून शेपटीशेजारच्या हाडापर्यंत लांबी इंचात घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 660, की किलोत वजन येतं. घेर 60 आणि लांबी 48 असेल तर 262 किलो. थोडं इकडंतिकडं होतं पण डोळ्यांच्या अंदाजापेक्षा खूप बरं.

आणि माज दिसला म्हणजे भरवायची वेळ झाली असं नाही. खाऊन पिऊन असलेली संकरित कालवड 10-11 महिन्यांतही माज दाखवते. तो सोडायचा, फक्त कॅलेंडरवर तारीख लिहायची. कमी वजनाची भरवली तर ती गाभण जाईलही, पण विताना अडते, पहिल्या वेताला दूध कमी देते आणि तिची स्वतःची वाढ बाकी असल्यानं दुसऱ्यांदा माजावर यायला महिनेच्या महिने लावते. दोन महिने वाचवायला जाऊन वर्ष घालवलेले गोठे मी बघितलेत.

2. 20-22 महिने झाले तरी कालवड माजावरच येत नाही, काय द्यायचं?

द्यायच्या आधी बघायचं. माज येत नाही आणि माज दिसत नाही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माझ्या अनुभवात बऱ्याच वेळा दुसरीच असते (प्रश्न 3 वाचा).

खरंच येत नसेल तर बहुतेक वेळा कारण पोटात असतं. दुभत्या गायीला पेंड, मुरघास, मेथी घास आणि कालवडीला उरलेला कडबा, हे आपल्याकडं सर्रास चालतं. वजन 1 नंबरच्या प्रश्नातल्या टेपनं काढा, कमी भरलं तर उत्तर तिथंच मिळालं. ऊस पट्ट्यात नुसत्या वाढ्यांवर (उसाच्या हिरव्या शेंड्यांवर) ठेवलेल्या कालवडी बघतो, वाढ्यात ऑक्झलेट असतं ते कॅल्शियम बांधून ठेवतं आणि फॉस्फरस तर त्यात आधीच कमी. अशी कालवड माती चाटते, दोरी चघळते, केस राठ दिसतात. जंताचं औषध, गोचिडाचा बंदोबस्त, रोज 50 ग्रॅमच्या आसपास चांगलं मिनरल मिक्श्चर, थोडी पेंड आणि हिरवा चारा, एवढं दोन-अडीच महिने सलग करून बघा. पंधरा दिवस करून फरक पडला नाही म्हणू नका, शरीर भरायला वेळ लागतो.

वजन चांगलं असून 24 महिन्यांपर्यंत काहीच हालचाल नसेल तर डॉक्टरांकडून आतली तपासणी करा. गर्भाशय अगदी लहान राहिलेलं असणं, अवयव पूर्ण तयार न होणं असं जन्मजात काही असेल तर हातालाच कळतं. जुळ्यातली असेल तर थेट प्रश्न 18 वर जा.

3. आमची कालवड एकटीच दावणीला असते, माज ओळखायचा कसा?

सगळ्यात खात्रीची खूण म्हणजे दुसरं जनावर अंगावर चढलं तरी ती शांत उभी राहते. ही दुसऱ्यावर चढते ती खूण त्याखालची. पण दावणीला बांधलेलीला हे दोन्ही करता येत नाही, म्हणून बाकीच्या खुणा वाचाव्या लागतात: हंबरणं, सारखी उठबस, चारा अर्धवट सोडणं, थोडं थोडं मुतणं, शेपूट जरा बाजूला धरणं, निरण (योनीचं बाहेरचं तोंड) सुजून आतून लाल दिसणं, आणि काचेसारखा चिकट सोट (निरणातून येणारा स्राव), काही भागात त्याला बळस म्हणतात. सोट बसल्यावर जास्त पडतो, त्यामुळं पहाटे शेण काढायला जाल तेव्हा आधी ती बसली होती ती जागा आणि शेपटीचे केस बघा. तिथं तार सुकून चिकटलेली दिसते.

कालवडीचा माज गायीपेक्षा लहान असतो, कधी कधी 10-12 तासांतच संपतो. उन्हाळ्यात तर रात्रीच येऊन जातो. दिवसातून एकदा बघून भागत नाही, पहाटे आणि रात्री जेवणानंतर 20-20 मिनिटं नुसतं उभं राहून बघायचं, मोबाईल खिशात ठेवून. जमलं तर मुक्त गोठा करा किंवा निदान सकाळ-संध्याकाळ अर्धा तास दोन-तीन जनावरं एकत्र मोकळी सोडा.

एकदा तारीख मिळाली की 18 व्या दिवसापासून 24 व्या दिवसापर्यंत डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवायचं. घरातल्या बायकांना हे जास्त कळतं असं मी नेहमी बघतो, कारण पहाटे गोठ्यात त्याच असतात. त्यांनी सांगितलं "आज काहीतरी वेगळं आहे" तर ऐका.

4. सकाळी माज दिसला तर कधी भरवायचं?

जुना नियम चालतो. सकाळी दिसला तर त्याच दिवशी संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. कारण असं की बीजांड माज चालू असताना सुटत नाही, माज संपल्यावर साधारण 10-12 तासांनी सुटतं, आणि सुटल्यावर ते काही तासच कामाचं असतं. शुक्राणूंनाही आत गेल्यावर तयार व्हायला 6-8 तास लागतात. म्हणजे ते आधी पोचून थांबलेले पाहिजेत, पण फार आधीही नकोत कारण गोठवलेल्या सिमेनचे शुक्राणू एखादा दिवसच टिकतात.

कालवडीत एक फरक ध्यानात ठेवा, तिचा माज लहान. सकाळी 6 ला तुम्हाला "दिसला" तो रात्री 11 ला सुरू झालेला असू शकतो. सोट घट्ट आणि कमी झालेला असेल आणि ती आता चढू देत नसेल तर संध्याकाळची वाट बघू नका, लगेच बोलवा. फोनवर मला "माजावर आलीय" एवढंच नको, कधीपासून दिसतंय आणि सोट कसा आहे ते सांगा. मी गोठ्यावर किती वाजता पोचायचं ते त्यावर ठरतं.

5. आमच्याकडं रेतन करणारा त्याच्या सोयीनं येतो, उशीर झाला तर भरवायचं की सोडायचं?

माज पूर्ण संपून 12 तासांच्या वर गेले असतील तर सोडा, कांडी वाया घालवू नका आणि तारीख धरून पुढच्या वेळी आदल्या दिवशीच सांगून ठेवा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रक्ताचा डाग दिसला तर वेळ नक्कीच गेली (प्रश्न 9). पर्याय म्हणून सरकारी दवाखाना, दूध संघाचा माणूस, संस्थेचं केंद्र असे दोन-तीन नंबर हाताशी ठेवा. आजारपणाची अडचण असेल तर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा टोल फ्री नंबर आहे.

6. कांडी खराब असते का? आम्हाला कसं कळणार?

कांडी केंद्रात तपासूनच भरलेली असते, खराब होते ती वाटेत आणि हाताळताना. सिमेन द्रव नायट्रोजनमध्ये उणे 196 अंशाला असतं. कंटेनरमधला नायट्रोजन कमी झाला, कांड्या बघायला सारख्या तोंडापर्यंत वर काढल्या, की आतले शुक्राणू मरतात आणि बाहेरून कांडी तशीच दिसते.

तुम्ही एवढं बघू शकता. कांडी चिमट्यानं काढून लगेच 37 अंशाच्या कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरली का, पाणी थर्मामीटरनं बघितलं का, नंतर पुसून कोरडी केली का (पाण्याचा थेंबसुद्धा शुक्राणूंना चालत नाही), गनवर (कांडी बसवून सिमेन आत सोडायच्या लांब नळीवर) नवीन शीथ (प्लास्टिकचं आवरण) घातलं का, आणि वितळवल्यावर दहा-पंधरा मिनिटांच्या आत काम झालं का. कांडी काखेत किंवा खिशात धरून वितळवणारा माणूस असेल तर त्याला स्पष्ट बोला. गरम पाण्याचा थर्मास तुम्हीच तयार ठेवला तर कुणालाही राग येत नाही.

काम झाल्यावर रिकामी कांडी फेकू नका, तिच्यावर वळूचा नंबर असतो. फोटो काढून ठेवा, प्रश्न 15 मध्ये तो लागणार आहे.

7. "कालवडीला गन आत जात नाही" म्हणून परत गेले. कालवडीत दोष आहे का?

बहुतेक वेळा नाही. कालवडीच्या गर्भाशयाचं तोंड अरुंद असतं, आतमध्ये कड्यांसारख्या घड्या असतात आणि अजून त्यातून वासरू गेलेलं नाही. त्यात हात घालायला जागा कमी. अनुभवी माणसालाही गायीपेक्षा दुप्पट वेळ लागतो आणि लागू द्यावा. मी एका हातानं ते तोंड धरून गनवर हळूहळू चढवतो, गन ढकलत नाही. घाईनं ढकलली तर आत जखम होते, रक्त येतं, आणि ती जखम पुढं कायमची अडचण होऊन बसते.

गन जात नाही याची खरी कारणं तीन-चारच. माज नाहीच किंवा संपलाय, त्यामुळं तोंड बंद आहे. कालवड वयानं, वजनानं लहान आहे. ती इतकी घाबरलीय की सगळं आवळून धरलंय (पुढचा प्रश्न). आणि क्वचित जन्मजात पडदा असतो किंवा मार्गच वाकडा किंवा बंद असतो. पांढऱ्या रंगाच्या कालवडींत हा पडद्याचा दोष जास्त बघितला गेलाय म्हणून इंग्रजी पुस्तकात त्याला पांढऱ्या कालवडीचा रोग असंच नाव आहे, पण तो कुठल्याही रंगाच्या कालवडीत होऊ शकतो. पातळ पडदा असेल तर डॉक्टर सोडवू शकतात, आतला भागच तयार झालेला नसेल तर उपाय नाही.

सिमेन कुठं पडतं हेही महत्त्वाचं. ते गर्भाशयाच्या तोंडातून पलीकडं जेमतेम बाहेर पडल्यावर सोडायचं असतं. तोंडाच्या अलीकडंच सोडून "झालं" म्हणणारे आहेत, आणि तिथं सोडलं तर गाभ राहायची शक्यता फार कमी होते. दोन माणसांना जमलं नाही तर तिसऱ्या, जास्त हात बसलेल्याला बोलवा. एकाच माजात चार जणांनी प्रयत्न करायला देऊ नका.

8. कालवड खोड्यात (जनावर उभं धरून ठेवायच्या चौकटीत) जातच नाही, लाथा मारते, धरून बांधून भरवली तर चालेल का?

चार माणसांनी शिंगं धरून, नाकात बोटं घालून, काठी दाखवून भरवलेली कालवड उलटायची शक्यता वाढते. घाबरल्यावर शरीरात जे हार्मोन सुटतात ते बीजांड सुटण्याच्या कामात आडवे येतात.

सवय आधी लावायची. भरवायच्या महिनाभर आधीपासून रोज खोड्यात नेऊन तिथंच मूठभर पेंड द्यायची, पाठीवरून, शेपटीवरून, कासेवरून हात फिरवायचा. त्याचा फायदा पुढं धार काढतानाही होतो. भरवायच्या दिवशी नेहमीचा माणूस डोक्याशी उभा राहू दे, बघ्यांना आणि कुत्र्यांना लांब ठेवा, दुपारी 2 च्या उन्हात हे काम करू नका.

9. भरवल्यावर दुसऱ्या दिवशी रक्त आलं, गाभ पडला का?

नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त घाबरून विचारला जातो. माज संपल्यावर एक ते तीन दिवसांत थोडं रक्त किंवा रक्ताचा सोट येणं कालवडीत अगदी नेहमीचं आहे, बहुतेक कालवडींत येतं. माजात गर्भाशयाच्या अस्तरातल्या बारीक नसा भरलेल्या असतात, हार्मोन उतरल्यावर त्यातून थोडं पाझरतं. त्यावरून गाभण राहिली असं म्हणता येत नाही आणि नाही राहिली असंही म्हणता येत नाही. औषध नको.

माज दिसला नाही पण रक्त दिसलं, तर ते वाया घालवू नका. रक्त दिसल्याच्या दिवसापासून 16 दिवसांनी पाळत सुरू करा, 19 व्या दिवसाच्या आसपास पुढचा माज येईल. मात्र रेतन करतानाच ताजं लाल रक्त आलं तर ती जखम असू शकते, आणि रक्त जास्त असेल, वास येत असेल, कालवड चारा खात नसेल तर डॉक्टरांना बोलवा.

10. भरवल्यावर सोट बाहेर पडला, सिमेन सांडलं ना?

सिमेन पाव मिलिलिटरच असतं आणि ते गर्भाशयात असतं. बाहेर पडतो तो माजाचा सोट. पाठीवर गार पाणी ओतणं, चिमटे काढणं, रात्रभर बसू न देणं, या कशाचा उपयोग नाही आणि बसू न दिल्यानं तिला उगाच त्रास होतो. सावलीत बांधा, पाणी पाजा, निवांत ठेवा.

11. तीनदा भरवली, दर 21 दिवसांनी उलटतीच. आता काय?

आधी हिशोब समजून घ्या. सगळं व्यवस्थित असलं तरी प्रत्येक कांडीला प्रत्येक कालवड गाभण जात नाही. दोनातली एक राहते असं धरलं तर 8 चांगल्या कालवडींपैकी 1 तीनदा उलटते आणि तिच्यात काहीही दोष नसतो. म्हणून तिसऱ्यांदा उलटली की विकायला काढू नका, तपासणीला काढा.

मी या क्रमानं जातो. पहिलं, तिन्ही वेळा माज कधी दिसला आणि कधी भरवली याच्या वेळा लिहिलेल्या आहेत का? बहुतेक ठिकाणी नसतात, आणि तिथंच निम्मं उत्तर असतं. दुसरं, तिन्ही वेळा एकच माणूस, एकाच कंटेनरची कांडी होती का? असेल तर पुढच्या वेळी दोन्ही बदला. तिसरं, बाकी कालवडीही उलटताहेत का? एक उलटत असेल तर तिच्यात बघायचं, चार उलटत असतील तर चाऱ्यात, उन्हात किंवा रेतनात बघायचं. एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या बुटक्या गोठ्यात गाभ राहिला तरी पहिल्या आठवड्यातच जिरतो, आणि ती बरोबर 21 दिवसांनी उलटते. बुरशी लागलेला कडबा किंवा मुरघास हेही एक कारण असतं, दिसलं तर बंद करा. चौथं, सोट स्वच्छ आहे का (प्रश्न 12)? पाचवं, माज लांबतो का (प्रश्न 13)?

एवढं झाल्यावर डॉक्टरांकडून दोनदा तपासणी, एकदा माजात आणि एकदा माजानंतर साधारण 10 दिवसांनी. दुसऱ्या तपासणीत अंडाशयावर पितपिंड (बीजांड सुटल्यावर तिथं तयार होणारी गाठ) तयार झालाय का ते कळतं, म्हणजे बीजांड सुटलं होतं की नाही ते कळतं. गर्भनलिका बंद असेल तर मात्र हाताला सहज कळत नाही.

दर 21 ऐवजी 40-42 दिवसांनी उलटत असेल तर एकतर मधला माज तुमच्या नजरेतून सुटला किंवा गाभ राहून नंतर जिरला. 10-12 दिवसांनीच परत माज दिसला तर दोन्हीतला एक माज खरा नव्हता. म्हणून नुसतं "उलटली" सांगू नका, किती दिवसांनी ते सांगा.

12. सोट दुधासारखा, गढूळ आहे, तरी भरवू का?

नका. चांगला सोट काचेसारखा आरपार दिसतो. त्यात पांढरे कण, पू, पिवळटपणा किंवा वास असेल तर आत जंतुसंसर्ग आहे, सिमेन वाया जाईल. तो माज सोडायचा, डॉक्टरांकडून उपचार, आणि पुढचा सोट स्वच्छ आला तरच भरवायचं. कालवड व्यालेली नसताना संसर्ग आला कुठून? बऱ्याचदा अस्वच्छ रेतनातून. हात न धुता, निरण न पुसता, जुनंच शीथ वापरून. गावातल्या मोकाट वळूनं लावलेली असेल तर तिथूनही.

13. माज दोन-तीन दिवस राहतो, कधी भरवायचं?

अशा कालवडीत बीजांड उशिरा सुटतं. पहिल्यांदा नेहमीच्या वेळेला भरवा आणि 24 तासांनी अजून माजात असेल तर परत एकदा. सारखंच असं होत असेल तर रेतनाच्या वेळी बीजांड सोडवणारं हार्मोन इंजेक्शन डॉक्टर देतात, पण कुणाला द्यायचं हे तपासून ठरतं. दर वेळी डबल कांडी मात्र गरजेची नाही, माज नीट ओळखला तर एक पुरते.

14. इंजेक्शन देऊन माजावर आणता येते ना? मेडिकलमधून आणून दिलं तर?

येते, पण मेडिकलमधून आणून देऊ नका. जे इंजेक्शन सर्रास वापरलं जातं ते पितपिंड विरघळवतं, मग 2 ते 5 दिवसांत माज येतो. म्हणजे कालवड माजाच्या चक्रात असली पाहिजे आणि अंडाशयावर पिकलेला पितपिंड पाहिजे. खंगलेली, चक्रच सुरू न झालेली कालवड असेल तर काही होत नाही. आणि ती गाभण असेल, तुम्हाला माहीत नसेल, तर गाभडते. अशी एक घटना मी जवळून बघितलीय, साडेतीन महिन्यांची गाभण कालवड होती, त्या घरात दोन दिवस चूल पेटली नाही.

दुसरी गोष्ट फार कमी लोक सांगतात. हे औषध कातडीतून शरीरात जातं. गरोदर बाईनं आणि दमा असलेल्या माणसानं त्याला हात लावू नये, सांडलं तर लगेच साबणानं धुवायचं.

दहा-बारा कालवडी एकदम माजावर आणायच्या असतील तर योनीत ठेवायचं हार्मोनचं साधन आणि इंजेक्शनं असा कार्यक्रम डॉक्टर करतात. वजन आणि खुराक नीट नसेल तर त्यातही पैसे जातात.

15. पहिल्या वेताला कोणत्या वळूची कांडी घ्यायची? आणि सेक्स सिमेन (मादी वासरू व्हावं म्हणून वेगळं केलेलं) वापरू का?

पहिल्या वेताला दुधाच्या आकड्याआधी वासराचा आकार बघा. लहान चणीच्या कालवडीला थोराड एचएफ वळूची कांडी दिली की विताना अडते, मग ओढाओढ, आणि कधी वासरू जातं, कधी दोन्ही. सहज वितणारा म्हणून नोंद असलेला वळू मागा, किंवा जर्सीची कांडी घ्या. खिलारीचं रक्त राखायचं असेल तर खिलारचीच.

जवळच्या नात्यात संकर होऊ नये हे फार महत्त्वाचं आहे. एकाच वळूच्या कांड्या वर्षानुवर्षं चालतात, त्यामुळं बापाचंच सिमेन लेकीला जाऊ शकतं. कालवडीच्या आईला कोणत्या नंबरची कांडी दिली होती ते वहीत असेल तरच हे टळतं. कानातल्या 12 आकडी बिल्ल्यावर रेतनाची नोंद ऑनलाईन होते, ती करून घ्यायला लाजू नका.

सेक्स सिमेननं साधारण 90 टक्के वेळा कालवड होते, 100 टक्के नाही. त्यात शुक्राणूंची संख्या कमी असते आणि वेगळं करताना ते दमलेले असतात, म्हणून गाभ राहायचं प्रमाण साध्या कांडीपेक्षा कमी. पण वापरायचंच असेल तर चांगल्या वजनाची, माज स्पष्ट दाखवणारी कालवड हीच त्याची जागा, पहिल्या किंवा दुसऱ्या रेतनाला. मादी वासरू थोडं लहान असतं, हाही फायदा. दोनदा उलटलेलीला महागडी कांडी घालू नका, साधी घाला.

16. गाभण तपासणी कधी करायची?

हातानं तपासायची तर दोन महिने पूर्ण झाल्यावर, सोनोग्राफी मिळत असेल तर 30 दिवसांनंतर. माज परत आला नाही म्हणजे गाभण, असं धरून बसू नका. पाच महिने वाट बघून रिकामी निघालेल्या कालवडी असतात आणि ते पाच महिने फुकट चारा गेलेला असतो. तपासायच्या आधी भरवल्याची तारीख सांगा, तारखेशिवाय अंदाजच निघतो.

17. गाभण सांगितलेली कालवड परत माजावर आली, भरवू का?

थांबा. काही जनावरं गाभण असतानाही माज दाखवतात, अंगावर चढतात, थोडा सोटही टाकतात. गाभणपणी गर्भाशयाच्या तोंडाला घट्ट बूच असतं, गन आत घातली की ते फुटतं आणि गाभ जातो. आधी तपासणी, रिकामी निघाली तरच रेतन. रेतन करणाऱ्याला आधी भरवली होती हे सांगायचं राहून गेलं आणि गाभ गेला, असं होतं, म्हणून तारीख गोठ्याच्या भिंतीवर खडूनं लिहा.

18. जुळं झालं होतं, एक गोऱ्हा एक कालवड. ती कालवड गाभण जाईल का?

गोऱ्ह्याच्या जोडीनं जन्मलेल्या 10 कालवडींपैकी 9 च्या वर वांझ असतात. पोटात दोघांचं रक्त एकमेकांत मिसळतं आणि गोऱ्ह्याच्या बाजूचे घटक कालवडीचे अवयव वाढू देत नाहीत. लहानपणीच डॉक्टर योनीची लांबी मोजून सांगू शकतात, तेव्हाच विचारा. दोन वर्षं वाढवून कळण्यापेक्षा पंधरा दिवसांत कळलेलं बरं. दोन्ही कालवडीच असतील तर काही भीती नाही. कालवड विकत घेताना जुळ्यातली आहे का हे तोंडावर विचारा.

19. 11 महिन्यांची कालवड मोकाट वळूनं लावली, आता?

लगेच डॉक्टरांना सांगा, लपवू नका. लवकर कळलं तर इंजेक्शननं गाभ काढता येतो, आणि एवढ्या लहान वयात तेच तिच्या जिवासाठी बरं. उशिरा कळलं, पाच-सहा महिने झाले, तर गाभ ठेवून तिला चांगला खुराक द्या पण शेवटच्या दोन महिन्यांत चरबी चढेल इतका नको, आणि वितायच्या दिवसांत डॉक्टरांचा नंबर हाताशी ठेवा. वळूच लावू म्हणणाऱ्यांनाही हेच सांगतो: एका गायीचा रोग वळू दुसरीला नेतो आणि वासराचा बाप कोण हे कुठंच लिहिलेलं नसतं.

20. वगारीला (म्हशीच्या कालवडीला) हेच सगळं लागू का?

बरंचसं. पण म्हशीचा माज मुका असतो, चढणं-हंबरणं कमी, सोटही थोडा. वगार अडीच-तीन वर्षांत, 275 ते 300 किलोला भरवायची. उन्हाळ्यात माज दबतो, ऑक्टोबर ते फेब्रुवारीत चांगला दिसतो, म्हणून उन्हाळ्यात डुंबायला किंवा अंगावर पाणी मारायला सोय करा. गाभणकाळ 310 दिवसांच्या आसपास, गायीचा 280 च्या आसपास.

21. सगळं करून झालं, पाच-सहादा उलटली. ठेवायची की काढायची?

आतली तपासणी पूर्ण झाली नसेल तर अजून ठेवायची. तपासणीत जन्मजात दोष निघाला तर काढायची, आणि घेणाऱ्याला खरं सांगून. दोष काहीच निघाला नाही तर मी दोन महिने रेतन पूर्ण थांबवायला सांगतो: जंताचं औषध, मिनरल, मोकळं सोडणं, वजन. मग पहिल्या चांगल्या माजाला, दुसऱ्या माणसाच्या हातानं, साधी कांडी. मागच्या वर्षी माण तालुक्यातली एक कालवड याच वाटेनं सातव्या कांडीला राहिली. त्या घरच्या आजींनी तिला विकू दिलं नव्हतं. या पोळ्याच्या आधी ती व्याली, कालवडच झाली, आणि आईच्या कांडीचा नंबर त्यांनी दारामागं लिहून ठेवलाय.